पट सतराचा, चर्चा गावभर

"सर, शाया बंद होनार हे म्हंतात. खरं का?"

नातवाला न्यायला आलेल्या एका आजीनं मुख्याध्यापकांना हे विचारलं, तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेलं गाव. शाळा सरकारी, मराठी माध्यमाची, पहिली ते पाचवी, पट सतरा. सर कसनुसं हसले आणि म्हणाले, "अजून तसं काही नाही." आजीनं त्यातला 'अजून' तेवढा उचलला आणि घरी नेला. तो शुक्रवार होता. सोमवारी चार पालक टीसी मागायला आले.

वरून काय आलं होतं? पटाची माहिती मागवणारं एक साधं पत्र. बंद करण्याचा प्रस्ताव नव्हता, आदेश तर नव्हताच. पण चार टीसी गेल्या असत्या तर पट तेरावर आला असता आणि पुढच्या पत्राला उत्तर देताना सरांना 'तेरा' लिहावं लागलं असतं. उद्या पाऊस पडेल असं सांगितल्यानं पाऊस पडत नाही. शाळा बंद पडेल असं सांगितलं की मात्र पट उतरू लागतो. म्हणूनच बंद होऊ शकणाऱ्या शाळेबद्दल गावाशी काय बोलायचं, कधी, कोणी आणि कोणत्या शब्दांत, याला एवढं महत्त्व आहे.

महाराष्ट्रात हे मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. २०२२ च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली आणि शाळा बंद होणार अशी चर्चा राज्यभर झाली. शाळा बंद करणार नाही, असं शिक्षणमंत्र्यांना जाहीरपणे सांगावं लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातून दरेवाडीची मुलं शाळा बंद झाल्याची तक्रार घेऊन जिल्हा परिषदेवर गेली. घोषणा होती, दप्तर घ्या, बकऱ्या द्या. पुढच्या वर्षी, २०२३ च्या सप्टेंबरात, 'समूह शाळां'चं, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र करण्याचं, पत्र निघालं. तोरणमाळ आणि पानशेत ही नमुन्याची उदाहरणं दिली होती आणि प्रस्ताव १५ ऑक्टोबरपर्यंत मागवले होते. तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४,७८३ आणि त्यांत शिकणारी मुलं सुमारे १ लाख ८५ हजार, असे आकडे समोर आले. कल्पनेच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच होतं. पण एवढ्या घरांशी बोलायला हाती तीन-चार आठवडे होते, आणि तेही प्रस्ताव लिहिण्यासाठी.

मध्य प्रदेशात या गोष्टीला एक मजेशीर मागची बाजू आहे. १ जानेवारी १९९७ ला इथे शिक्षण हमी योजना सुरू झाली. एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि वस्तीत शिकण्याच्या वयाची चाळीस मुलं आहेत, आदिवासी भागात पंचवीस, असं गावकऱ्यांनी नावांच्या यादीसह पंचायतीला लिहून दिलं की सरकारनं नव्वद दिवसांत शाळा द्यायची. म्हणजे शाळा उघडताना पहिला कागद गावाचा होता. शाळा मिटवताना पहिला कागद वरून येतो आणि गावाला तो बहुतेक वेळा शेवटी दिसतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आणि त्याच्या नियमांत घरापासून शाळा किती जवळ हवी, शाळेच्या समितीत पालक किती हवेत, हे सगळं आहे. चालू असलेली सरकारी शाळा बंद करण्यापूर्वी लोकांना कसं विचारायचं, याचा क्रम मात्र त्यात घालून दिलेला नाही. तो आपण बसवायचा.

सुरुवात शब्दांपासून करावी लागते. बुऱ्हाणपूरला ही अडचण दुहेरी आहे. पत्र हिंदीत येतं, तेही कार्यालयीन हिंदीत, आणि पालक घरी खानदेशी वळणाची मराठी बोलतात. पत्रात 'युक्तियुक्तकरण' असतं. हा शब्द बहुतेकदा शिक्षकांच्या वाटपाचा असतो: इथे जास्त, तिथे कमी, तेव्हा इकडचा शिक्षक तिकडे. गावात तो 'शाळा गेली' असाच ऐकला जातो. 'विलय' म्हटलं की दोन गोष्टी संभवतात. मध्य प्रदेशात २०१८ च्या सुमारास 'एक परिसर एक शाला' राबवलं गेलं, त्यात एकाच आवारातल्या प्राथमिक, माध्यमिक अशा वेगवेगळ्या शाळा कागदावर एक झाल्या. नीती आयोगाच्या माहितीप्रमाणे सुमारे ३५ हजार शाळांच्या सुमारे १६ हजार शाळा झाल्या. आकडा ऐकून छाती दडपते, पण अशा विलयात मुलाचा रस्ता, वर्ग, बाक काहीच बदलत नाही. मुख्याध्यापकाची खुर्ची एक होते. दुसऱ्या विलयात मूल उठून दुसऱ्या गावाला जातं. तिसरी गोष्ट खरोखरची बंदी, शाळेचा सरकारी नोंदीतला यू-डायस क्रमांकच मिटवणं. तिन्हींना एकच शब्द वापरला तर पालकांनी सगळ्यांत वाईट अर्थ घेतला म्हणून त्यांना दोष देता येत नाही. तेव्हा पहिल्याच वाक्यात सांगायचं: मुलाचा रस्ता बदलणार आहे का? बाकीचं नंतर.

मग प्रश्न येतो, सांगायचं कोणाला. 'पालकांना' हे उत्तर अपुरं आहे. शाळेवर कोणाकोणाचा संसार टेकलेला असतो ते एकदा मोजून पाहावं. मध्यान्ह भोजन शिजवणारा बायकांचा समूह असतो. शाळा गेली की त्यांचं महिन्याचं मानधन जातं, आणि गावात बातमी सर्वांत वेगानं पसरते तीही त्यांच्याच चुलीपासून. अंगणवाडी बऱ्याचदा त्याच आवारात असते. मतदान केंद्र तिथेच. कोणाच्या आजोबांनी शाळेला जमीन दिलेली असते आणि तो उल्लेख फक्त त्यांच्या घरच्यांना आठवतो. ज्या शाळेत मुलं पाठवायची ते दुसरं गावही या यादीत हवं. तिथल्या वर्गात आणखी बारा मुलं बसणार, हे त्यांना वर्तमानपत्रातून कळावं का? आणि शिक्षक. दोघांपैकी एकाची बदली होणार हे त्याला स्वतःला गावातल्या चहाच्या टपरीवर कळलं, असं मी पाहिलेलं आहे. त्यानंतर तो पालकांसमोर उभा राहून शाळेची बाजू काय मांडणार!

क्रम साधारण असा बसतो. सकाळी शाळा भरायच्या आधी शिक्षकांना. त्याच दिवशी दुपारी शाला प्रबंधन समितीला आणि स्वयंपाकाच्या समूहाला. संध्याकाळपर्यंत प्रत्येक घरी एक कागद. हे सगळं एका दिवसात उरकायचं, कारण दोन टप्प्यांत एक रात्र मध्ये गेली की त्या रात्रीची गोष्ट आपल्या हातात राहत नाही. कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. कागदावर असतातही. पण सह्या घरी पाठवलेल्या रजिस्टरवर होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या समितीची बैठक वर्षभर खऱ्या अर्थानं भरलेली नाही, तिला अचानक 'तुमचं मत सांगा' म्हटलं की ती गप्प बसते आणि ते गप्प बसणं 'समिती सहमत आहे' म्हणून वर जातं.

घरोघरचा तो कागद कसा असावा? मी एकदा लिहून पाहिला होता, तो असा:

"आपल्या शाळेत आज १७ मुलं आहेत. दोन किलोमीटरवरच्या शाळेत आपली मुलं पाठवावीत का, असा प्रस्ताव जिल्ह्याकडे जाऊ शकतो. अजून काहीही ठरलेलं नाही. निर्णय जिल्ह्यातून भोपाळला जाऊन होईल. शाळा किंवा सरपंच तो घेत नाहीत. आपलं म्हणणं ऐकायला अमुक तारखेला दोन बैठका आहेत. अमुक तारखेपर्यंत निर्णय आपल्याला लेखी कळेल. तोपर्यंत शाळा, पुस्तकं, जेवण सगळं चालू राहील. आज टीसी काढण्याची गरज नाही. काढायचीच असेल तर ती मागितल्या दिवशी मिळेल."

शेवटच्या वाक्यावर एका शिक्षकानं हरकत घेतली होती. टीसीचं नावच का काढायचं? पण शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे दाखला मागताक्षणी द्यावा लागतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. हे पालकाला माहीत असलं की त्याची घाई कमी होते. 'नंतर मिळणार नाही' या भीतीनंच तर तो आज रांगेत येतो.

कागद मराठीत असावा आणि हिंदी पत्राची प्रत त्याला जोडावी, म्हणजे आपण काही दडवलं असं वाटायला नको. व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो टाकावा, पण सोबत शिक्षकानं तोच मजकूर आपल्या आवाजात वाचून पाठवावा. ऐकणारे वाचणाऱ्यांपेक्षा जास्त असतात.

आता बैठक. बुऱ्हाणपूरच्या बाजूला पालक एका वेळी एका जागी सापडत नाहीत. कोणी लूमवर दिवसपाळीला, कोणी रात्रपाळीला. जून-जुलैत केळीची मृगबाग लावायची घाई, ऑक्टोबरात कांदेबाग. केळी कापणीची गाडी आली की माणूस सगळं टाकून पळतो. सकाळी अकराची बैठक ठेवली की सरपंच, सचिव आणि दोन रिकामी माणसं येतात. मग दोन बैठका घ्याव्यात, एक संध्याकाळी सातला आणि एक सकाळी साडेसातला, शाळेतच. बायका पुढच्या रांगेत बसतील अशी सतरंजी आधी घालून ठेवावी. ऐनवेळी सांगितलं की त्या दाराबाहेर उभ्या राहतात.

बैठकीत पहिली पंधरा मिनिटं सांगणाऱ्यानं घ्यावीत आणि मग तोंड मिटावं. ते अवघड जातं. अधिकारी नवीन शाळेची स्वच्छतागृहं, संगणक, खेळाचं मैदान यांवर बोलत राहतो आणि समोरच्या बाईच्या मनात एकच प्रश्न असतो: नाला. लहान शाळेचे तोटे खरे आहेत, ते मांडायला हरकत नाही. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्यानं दोन शिक्षक. म्हणजे पाच इयत्ता आणि दोन माणसं, त्यातला एक कागदपत्रं भरत बसलेला. देशभरात २०१६-१७ साली एकशिक्षकी शाळा १,०८,०१७ होत्या, असं नव्या शिक्षण धोरणातच लिहिलेलं आहे. तिसरीतल्या मुलाला आपल्या वयाचं दुसरं पोरच वर्गात नाही, ही काही सुखाची गोष्ट नव्हे. पण हे आधी नाल्याचं उत्तर देऊन मग सांगावं.

नाल्याचं उत्तर खुर्चीवर बसून मिळत नाही. रस्ता चालून पाहावा लागतो. पहिलीच्या मुलाला सोबत घेऊन, त्याच्या पावलानं, शाळेच्या वेळेला, पाठीवर दप्तर असताना. मी एका जागी असं चाललो आहे. नकाशावर अंतर नऊशे मीटर होतं, म्हणजे एक किलोमीटरच्या नियमात बसणारं. पोराबरोबर निघालो तर आधी केळीच्या बागेच्या कडेनं वळसा, कारण मधल्या शेताला तारेचं कुंपण. मग इंदूर-इच्छापूर रस्ता ओलांडायचा, तिथे ट्रक थांबत नाहीत. मग नाला, ज्याला पावसाळ्यात गुडघाभर पाणी असतं आणि तेव्हा पुलाकडून जावं लागतं. अडतीस मिनिटं लागली. पोरगं दोनदा बसलं. एकदा बिब्ब्याच्या झाडाखाली काहीतरी वेचायला. ते अडतीस मिनिटांत मोजायचं की नाही यावर आमच्यात नंतर वाद झाला. मोजायचंच, कारण पोरं रोज वेचणार. अशी चाल अधिकारी, एक पालक आणि एक शिक्षक यांनी मिळून केली आणि किती मिनिटं लागली ते बैठकीत सांगितलं, की अंतरावरचा निम्मा वाद तिथेच संपतो. कोणीतरी एकदाचं चालून आलेलं असतं.

त्यानंतर वाहनाचं. समग्र शिक्षा योजनेत दूरच्या मुलांसाठी वाहतुकीला वर्षाला मुलामागे सहा हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. मध्य प्रदेशात सायकल मिळते, पण सहावी आणि नववीत दुसऱ्या गावी जाणाऱ्यांना. पहिलीच्या मुलाला तिचा काही उपयोग नाही. 'वाहनाची सोय करू' हे वाक्य बैठकीत उच्चारायचं असेल तर त्याला जोडून रिक्षावाला कोण, पैसे कोणाच्या खात्यात, कोणत्या महिन्यापासून आणि तो आला नाही त्या दिवशी काय, हे सांगता आलं पाहिजे. नसेल तर 'ते अजून ठरलेलं नाही' म्हणावं. त्यानं विश्वास कमी होत नाही, उलट बाकीच्या वाक्यांवर बसतो.

बुऱ्हाणपूरला याहून नाजूक प्रश्न भाषेचा आहे, आणि तो पत्रात सहसा नसतोच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग मध्य प्रदेशात राहिला. आधी खंडव्याचा भाग होता, १५ ऑगस्ट २००३ ला वेगळा जिल्हा झाला. तापीकाठच्या या पट्ट्यात मराठी बोलणाऱ्यांची वस्ती जुनी आहे. पटाच्या तक्त्यात 'जवळची शाळा' असा रकाना असतो. जवळची शाळा हिंदी माध्यमाची असली तरी रकाना भरला जातो. पालकाला मात्र एका निर्णयात दोन गोष्टी गेलेल्या दिसतात. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीनं आलेलं ३५०-अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्यानं करावा असं सांगतं. शिक्षणहक्क कायद्याचं २९ वं कलमही शक्य तिथे मातृभाषेचंच माध्यम म्हणतं. 'प्रयत्न' आणि 'शक्य तिथे' या दोन शब्दांना बरंच काही टांगलेलं आहे, हे खरं. तरी बैठकीत प्रश्न सरळ विचारता येतो: नव्या शाळेत मराठी वर्ग राहील का, मराठी शिकवणारा शिक्षक सोबत जाईल का, तिसरीतलं मूल अचानक हिंदीतून गणित करणार का? प्रामाणिकपणे सांगायचं तर काही पालकांना हिंदी किंवा इंग्रजीच हवी असते. पट उतरला त्याचं एक कारण तेही आहे. बैठकीत ही माणसं आणि मराठीसाठी आग्रही माणसं एकमेकांवर तुटून पडतात आणि अधिकारी निवांत पाणी पितो. सूत्रधारानं तेव्हा दोघांचंही म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्यावं आणि पुढे जावं.

इतिवृत्त म्हणजे 'सविस्तर चर्चा झाली' नव्हे. कोणी काय विचारलं, काय उत्तर मिळालं, कशाला उत्तर मिळालं नाही. अनुत्तरित प्रश्नांपुढे तारीख. इतिवृत्ताच्या या वहीची प्रत दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारावर लावायची. ज्यांचं समाधान झालं नाही त्यांना पुढचा रस्ताही आपणच सांगायचा: कलेक्टर कार्यालयात दर मंगळवारी जनसुनवाई असते, १८१ वर सीएम हेल्पलाइन आहे. शाळा चालवणाऱ्याला हे सांगणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा वाटतो. पण तो रस्ता लोकांना कुठूनतरी कळतोच. आपण सांगितला तर ते निदान वही सोबत घेऊन जातात.

स्कॉटलंडनं हा सगळा क्रम २०१० साली कायद्यातच घातला. शाळा बंद करायची तर किमान सहा आठवडे लोकांचं ऐकायचं, त्यात शाळेचे निदान तीस दिवस भरले पाहिजेत, म्हणजे सुटीत उरकता येणार नाही. जाहीर सभा घ्यायची. मुलांनाही विचारायचं. लोक काय म्हणाले आणि त्यावर आपलं उत्तर काय, याचा अहवाल निर्णयाच्या किमान तीन आठवडे आधी छापायचा. आणि २०१४ च्या दुरुस्तीपासून, बंद न करण्याचं ठरलं तर पुढची पाच वर्षं साधारणपणे तोच विषय पुन्हा काढायचा नाही. मला यातली शेवटची अट सर्वांत आवडते. आपल्याकडे शाळा 'वाचते' ती एका वर्षापुरती. दरवर्षी पटाचं पत्र आलं की गाव पुन्हा श्वास रोखतं, आणि ज्यांना जमेल ते रोखत न बसता मूल शहरात टाकतात.

उलटं उदाहरण शेजारच्या उत्तर प्रदेशातलं. १६ जून २०२५ ला कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळांना जोडण्याचा आदेश निघाला. आंदोलनं झाली, सीतापूरच्या मुलांच्या वतीनं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि मग सरकारनं सांगितलं की एक किलोमीटरपेक्षा दूरच्या आणि पन्नासहून जास्त पटाच्या शाळा जोडल्या जाणार नाहीत. ही दोन वाक्यं पहिल्या दिवशीच्या कागदावर असती तर कित्येक घरांची झोप वाचली असती.

वेळेचं एक सांगायचं राहिलं. मध्य प्रदेशात सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पट स्थिरावतो, तेव्हा बोलायला सुरुवात केली तर फेब्रुवारीपर्यंत निर्णय देता येतो आणि पालकाला नवी शाळा बघायला वेळ राहतो. जूनमध्ये 'स्कूल चलें हम'चं बॅनर लावलेल्या फाटकावर विलयाचा आदेश चिकटवण्यासारखं दुसरं वाईट काही नाही.

आणि काहीच झालं नाही तर? प्रस्ताव बारगळला, फाइल पडून राहिली, तर तेही सांगायला हवं. हे कोणीच करत नाही. बंद होण्याची चर्चा गावभर होते, बंद न होण्याची बातमी कोणाला मिळत नाही, आणि पालक दोन वर्षं 'जाणारच आहे' म्हणून मूल घालत नाहीत.

त्या शाळेचं सांगतो. सोमवारी आलेल्या चार पालकांना सरांनी थांबवलं नाही, फक्त बसवलं आणि वरून आलेलं पत्र वाचून दाखवलं. दोघांनी टीसी नेल्या, दोघे थांबले. बुधवारी शाळेच्या दारावर मराठीत कागद लागला. आजी आली, तिला वाचता येत नाही. तिसरीतला नातू मोठ्यानं वाचायला लागला आणि 'प्रस्ताव'वर अडखळला. सरांनी खिशातून पेन काढलं आणि त्या शब्दाच्या खाली लिहिलं, 'म्हणजे अजून ठरलेलं नाही.'

"मंग ठरनार कवा?" आजीनं विचारलं.

नातवानं पुढची ओळ वाचली. तारीख तिथे लिहिलेली होती.